बाजारभाव, दवंडी, नोटीस : गावची खबर कोणाच्या कामाची?

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. कोणाची जमीन जप्त करायची झाली, तर तो हुकूम त्या जमिनीवर किंवा तिच्या लगत ढोल वाजवून अथवा रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीने पुकारावा आणि त्याची प्रत ठळक जागी डकवावी, असे तिच्या आदेश २१ मधला नियम ५४ आजही सांगतो. त्याच जमिनीवरचा कांदा सकाळी लासलगावच्या आवारात जातो आणि पहिल्या ट्रॅक्टरची बोली सुटते न सुटते तोच तिचा आकडा तालुकाभर फोनवर फिरू लागतो. शेतीवर जगणाऱ्या बाजारगावात ढोल आणि मोबाइल असे दोन्ही काळ एकाच वेळी चालू आहेत.

अशा गावांत भावाची, खरेदी-विक्रीची आणि सार्वजनिक सूचनांची खबर कशी फिरत आली, कोणी फिरवली आणि तिचा उपयोग कोणाला झाला, याचा हा आढावा. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत खबर पोचवण्याची साधने अनेकदा बदलली. प्रत्येक नव्या साधनाबरोबर ‘आता शेतकऱ्याला कोणी फसवू शकणार नाही’ अशी ग्वाही मिळाली. ती कुठे खरी ठरली आणि कुठे नाही हे तपासले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : खबर ऐकून ‘नाही’ म्हणण्याची ताकद ज्याच्याकडे असते, त्यालाच ती कामी येते.

तराळाची हाळी

आठवडे बाजार ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि अजूनही न मोडलेली व्यवस्था. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’त गावाची जी घडण मांडली, तिच्यातली बलुतेदारी विरत गेली, पण सोमवारचा, गुरुवारचा बाजार तसाच भरतो. मिरची-मसाल्याच्या खरेदीइतकेच तिथे निरोपांचे काम चालते. सोयरीक तिथे जुळते, उधारी तिथे मागितली जाते, विहिरीवरच्या मोटारीला मेकॅनिक तिथेच गाठला जातो.

गावातली सरकारी खबर मात्र दवंडीने फिरे. सारा भरण्याची मुदत, साहेबाचा मुक्काम, लसीकरण, जप्ती, सगळे काही हलगीच्या ठोक्यावर. दवंडीत दोन गुण होते. ती सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येई, आणि कोणाच्या हुकमावरून ती दिली जाते हे स्पष्ट असे. पाटलाचा हुकूम की मामलेदाराचा, हे पहिल्याच वाक्यात कळे.

पण म्हणून दवंडीच्या आठवणीने हळवे होण्याचे कारण नाही. ती देणारा तराळ हा महार वतनाच्या बेड्यांत अडकलेला माणूस होता. ज्याच्या हाळीवर गाव गोळा होई, त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. रात्री-अपरात्री टपाल पोचवणे, दवंडी देणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे या कामांचा मोबदला नावापुरता होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीवर बोट ठेवून. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये झाला. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनाच्या नावातच ही नोकरी आहे. पुढे तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल आला, आणि अलीकडे त्याचे पदनाम महसूल सेवक झाले. खबर फुकटात फिरत नाही, कोणाच्या तरी पायांवर फिरते, हा या इतिहासातला पहिला धडा.

रुमालाखालून उघड्यावर

शेतमालाच्या सौद्यात खबर दडवण्याचीच रीत होती. व्यापारी आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. मालाचा धनी समोर उभा असे आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला शेवटी कळे. जनावरांच्या बाजारात ही करपल्लवी आजही पाहायला मिळते.

ही रीत मोडण्याचा पहिला सरकारी प्रयत्न वऱ्हाडात, कापसाच्या निमित्ताने झाला. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात हवा होता, हे त्यामागचे कारण. शेतकऱ्याचे भले हा त्यातून निघालेला दुय्यम लाभ. मुंबई प्रांताने १९२७ मध्ये कापसापुरता आणि १९३९ मध्ये सर्व शेतमालासाठी कायदा केला. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा १९६३ चा. उघड लिलाव, परवानाधारक खरेदीदार, तटस्थ मापाडी आणि भावाची नोंद हे त्याचे चार खांब.

लासलगावची बाजार समिती १९४७ मधली. तिथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी येतो, मूठभर कांदा हातात घेऊन रंग, पत्ती, आकार पाहिला जातो आणि मिनिटभरात बोली सुटते. लाल, उन्हाळ, गोल्टी, खाद असा प्रत्येकाचा वेगळा भाव. रुमालाखालच्या सौद्याशी तुलना केली तर ही मोठीच सुधारणा. भाव सर्वांसमक्ष बोलला जातो आणि लिहिला जातो.

पण बोली सुटली म्हणजे सौदा संपला असे नाही. गाडी काट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे ट्रॉली रिकामी होताना ‘तळाचा माल वेगळा निघाला’ म्हणून वांधा निघतो. आवारातला भाव चार लोकांच्या साक्षीने ठरलेला असतो. खळ्यावर शेतकरी एकटा असतो. अर्धा माल उतरलेला, ट्रॅक्टर भाड्याचा, घरी मजूर खोळंबलेले. तिथे क्विंटलमागे सोडलेले रुपये कोणत्याही भावपत्रकात येत नाहीत.

त्यानंतर हिशोबपट्टी. हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे, उचल अशी वजावट होऊन खाली जो आकडा उरतो तोच शेतकऱ्याचा खरा भाव. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. भाव मिळाला रुपया किलो. वजावट ५०९ रुपयांच्याही वर गेली आणि हातात पुढल्या तारखेचा दोन रुपयांचा धनादेश पडला. ती पट्टी आणि तो धनादेश देशभर गाजला. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा केला आणि त्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. पट्टीवरची एक ओळ कमी झाली तर कोणाचे किती बिघडते, ते त्या बंदने दाखवून दिले.

भाव कळला म्हणून भाव मिळतो का?

शेतकऱ्याला दूरच्या बाजाराचा भाव कळला की तो फसणार नाही, हा समज जुना आहे आणि त्यावर खर्चही भरपूर झाला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावातली मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. पुढच्या प्रसारणात त्यांची उत्तरे येत. पुढे दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ आले, २० एप्रिल २००५ रोजी ‘ॲग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले दैनिक निघाले. १९८४ मध्ये स्थापन झालेले राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांचे रोजचे भाव एकत्र करून प्रसिद्ध करते.

संगणकाची लाट आली तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. परिसरातल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रे उघडली. पाहणीत आढळले असे, की बाजारभाव किंवा शेतीसल्ल्यापेक्षा ती केंद्रे उसाच्या नोंदी, वजन आणि बिले यांसाठीच वापरली जातात. काही वर्षांनी प्रायोगिक पातळीवर तेच काम मोबाइलच्या संदेशांनी करून पाहण्यात आले आणि ते स्वस्तात झाले. यात लोकांचे काही चुकले नाही. ज्या माहितीमुळे खात्यावर पैसे जमा होणार होते, तीच त्यांनी मागितली.

या प्रश्नाचा सर्वांत नेटका शोध तीन अभ्यासांत मिळतो, आणि तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाइल आल्यावर होड्या समुद्रातूनच भाव विचारू लागल्या आणि चांगल्या भावाच्या किनाऱ्याकडे वळू लागल्या. किनाऱ्या-किनाऱ्यांतली भावाची तफावत जवळपास मिटली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. अपराजिता गोयल यांनी मध्य प्रदेशातल्या सोयाबीनवर २०१० मध्ये लिहिले. एका कंपनीने गावोगावी भावाची केंद्रे उघडली आणि मालही थेट विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मंडीतला भाव १ ते ३ टक्के चढला. तिसरा अभ्यास आपल्या घरचा. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत, मराठी संदेशांतून भाव आणि हवामान कळवणाऱ्या ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ या सेवेचा परिणाम तपासला. २०१२ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की संदेश मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती पडलेल्या भावात सरासरीने म्हणण्याजोगा फरक नव्हता.

तीन उत्तरांतला विरोध वरवरचा आहे. केरळच्या होडीला सुकाणू वळवून दुसरा किनारा गाठता येत होता. मध्य प्रदेशात केंद्र नुसता भाव सांगत नव्हते, माल घेणारे दुसरे गिऱ्हाईकही उभे करत होते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला संदेश मिळाला, पण त्याचा आडत्या तोच राहिला, गाडी तीच राहिली आणि त्या आडत्याकडून घेतलेली उचलही तशीच राहिली. पुण्यात भाव दोनशेने जास्त आहे हे नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला कळले, तरी तोडलेला टोमॅटो थांबत नाही. कांद्याचे तसे नाही. ज्याची कांदाचाळ पक्की आहे आणि ज्याला सोसायटीचा हप्ता आजच भरायचा नाही, तो भाव ऐकून गाडी भरायची की नाही ते ठरवतो. भावाच्या खबरेचे पैसे त्याला चाळीतून मिळतात.

१४ एप्रिल २०१६ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजाराकडे, म्हणजे ई-नामकडे, याच नजरेने पाहावे लागते. महाराष्ट्रातल्या शंभराहून अधिक बाजार समित्या त्याला जोडल्या आहेत. पडद्यावर देशभरचा खरेदीदार बोली लावील ही कल्पना उत्तम. पण न पाहिलेल्या मालावर बोली लावायची तर प्रतवारीचा दाखला विश्वासाचा हवा, प्रयोगशाळा हवी, वाहतुकीची सोय हवी. ती जिथे नाही तिथे पडद्यावरची बोलीही आवारातल्या ओळखीच्या खरेदीदारांपुरतीच राहते.

फोनवरचा उच्चांक

आज भावाची खबर सर्वांत वेगाने फिरते ती व्हॉट्सॲपवर, आणि सर्वांत मोठी गफलतही तिथेच होते. बाजार समितीच्या भावपत्रकात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. शेतकऱ्याच्या कामाचा आकडा सर्वसाधारण दराचा, कारण बहुतेक माल त्याच्या आसपास विकलेला असतो. गटांत फिरतो तो कमाल दर, आणि तो एखाद्याच निवडक गाडीचा असू शकतो. सणासुदीला मुहूर्ताच्या सौद्यात पहिल्या मालाला हार घालून जो भाव पुकारला जातो, तो मानपानाचा. तोही ‘आजचा भाव’ म्हणून पुढे ढकलला जातो. वाचणारा दुसऱ्या दिवशी गाडी भरतो, आवक दुप्पट होते आणि भाव पडतो.

दुसरी गफलत तारखेची. कालची चिठ्ठी आज, गेल्या वर्षीची यंदा. पाठवणाऱ्याचे नाव नाही, बाजाराचे नाव अर्धवट, मालाची प्रत लिहिलेलीच नाही. तराळाच्या दवंडीत हुकूम कोणाचा ते कळत होते. इथे ‘आलेला पुढे पाठवला’ एवढीच प्रत्येकाची जबाबदारी.

ज्या खबरेवर शेतकऱ्याचे वर्ष ठरते ती मात्र बाजार समितीत जन्मत नाहीच. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत त्यानंतर लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण शुल्क राहिले. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले. सातबाऱ्यावर एक नाव चढवायचे तर हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतात. लाखो टन कांद्याचा भाव पाडणाऱ्या अधिसूचनेला एका दिवसाची पूर्वसूचना नसते. भावाची माहिती शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याच्या योजनांवर बोलताना हे विसरून चालत नाही.

विकणे आहे

बाजार समितीबाहेरचा व्यवहार याहून मोठा आणि मोकळा आहे. बैलजोडी, गाभण गाय, कडबा, जुना ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, डाळिंबाची रोपे, शेळ्या, एकरभर जमीन. याच्या जाहिरातींची एक घट्ट मराठी तयार झाली आहे. ‘गाय विकणे आहे, दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचे मिळून वीस लिटर, गाभण सहा महिने, अंगाची खात्री, व्यापाऱ्यांनी फोन करू नये.’ बैलांचे दात सांगितले जातात, जोड जुळलेली आहे का आणि औताला-गाडीला चालू आहे का हे सांगितले जाते. न सांगितलेल्या गोष्टी विकत घेणाऱ्याने विचारायच्या : मारकी आहे का, सड चारही चालू आहेत का, धार काढताना बसते का.

जनावरांच्या बाजारात हे विचारायला शेजारी माणसे उभी असत. सांगोल्याचा खिल्लारांचा बाजार, काष्टीचा आठवडे बाजार, माळेगावची खंडोबाची यात्रा, तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार ही ठिकाणे केवळ खरेदी-विक्रीची नाहीत, पारखीची शाळा आहेत. तिथे इसार दिला की साक्षीदार असतो, दलालाला पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच मैदानात तोंड दाखवायचे असते. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. जुना विकून त्यात भर घालून नवा घेण्याचे चक्र थांबले आणि छोट्या शेतकऱ्याची बैलजोडी त्यातून सुटली. २०२२ मध्ये लम्पीमुळे बाजार बंद राहिले तेव्हा उरलेला बराच व्यवहार फोनवर गेला. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यामुळे आता जनावराची ओळख पटू शकते. विकत घेताना तो क्रमांक आणि मालकाचे नाव जुळवून पाहण्याची सवय अजून लागायची आहे.

फोनवरच्या सौद्यातला धोका साधा आहे. फोटो एका गाईचा, इसार दुसऱ्याच्या खात्यावर आणि नंतर फोन बंद. द्राक्षपट्ट्यात हेच मोठ्या रकमांत घडत आले. परप्रांतीय खरेदीदार हंगामात येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, भाव चार रुपये चढा सांगतो आणि शेवटच्या गाड्या उधारीवर भरून निघून जातो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांच्या अशा बुडीत पैशांच्या वसुलीची मोहीमच उघडली, तेव्हा तक्रारींची रांग लागली. शिवारसौदा शेतकऱ्याला हमाली-तोलाईतून सोडवतो हे खरे. पण परवाना नसलेल्या खरेदीदारावर हात टाकायला बाजार समितीही उरत नाही. चढा भाव सांगणाऱ्याला ‘आधी पैसे’ म्हणता आले पाहिजे, आणि झाडावरचा माल पिकून चालला असताना ते म्हणणे सोपे नसते.

चावडीवरचा कागद

सार्वजनिक सूचनांची गोष्ट बाजारभावापेक्षा गंभीर आहे, कारण इथे चुकलेली खबर एका हंगामाचे नुकसान करून थांबत नाही. जमिनीची खरेदी, वारस, वाटणी, बोजा यांची नोंद तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फेरफारात घेतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार त्या नोंदीची प्रत चावडीत लावायची असते आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचे असते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आता हीच सूचना घरबसल्या पाहता येते. काम चांगले झाले आहे.

पण चावडीच्या फळ्यावरची सूचना वाचतो कोण? गावात राहणारा भाऊ. हरकतीचा हक्क ज्यांना सर्वांत जास्त लागतो त्या बहिणी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. नोटीस मात्र माहेरच्याच पत्त्यावर जाते, कारण दप्तरात दुसरा पत्ता नसतो. तिथे ती कोण घेतो आणि कोण सही करतो, हे वेगळे सांगायला नको. कळले तरी हक्कसोडपत्रावर सही न देणाऱ्या बहिणीला दिवाळीचे माहेर तुटण्याची धास्ती असते. कागदावर सूचना पोचली, मुदत संपली, नोंद प्रमाणित झाली. ‘नाही’ म्हणण्याची जागाच नव्हती.

ग्रामसभेचेही तसेच. सात दिवस आधी सूचना द्यावी, ती फळ्यावर लावावी, दवंडी द्यावी असे नियम आहेत. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या दिवशी सभा भरते हे गावाला पाठ असते. विषयपत्रिका मात्र माहीत नसते. घरकुलाची यादी, गायरानाचा ठराव, पाणीपट्टी यांतले काय चर्चेला आहे हे कळल्याशिवाय मजुरी बुडवून कोणी का यावे? सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिची सूचना बऱ्याचदा बचत गटाच्या ताईंच्या फोनवरून फिरते आणि ती फळ्यापेक्षा जास्त बायकांपर्यंत पोचते.

जमीन घेताना वकील वर्तमानपत्रात जी ‘जाहीर नोटीस’ देतात, तिच्यात गट नंबर, चतुःसीमा आणि हरकतीची मुदत असते. बँकेने तारण मालमत्तेचा ताबा घेतला तर कर्जवसुलीच्या २००२ च्या नियमांनुसार दोन वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले हवे. गावात जे दैनिक येतच नाही त्यात छापूनही कायद्याचे समाधान होते. एके काळी ‘दीनमित्र’सारखे पत्र मुकुंदराव पाटील नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून काढत होते. आज तालुका पातळीवरची अनेक साप्ताहिके सरकारी आणि वकिली नोटिसांच्या आधारावरच तग धरून आहेत. नोटीस छापून येते, ती वाचली गेली की नाही हे कोणी विचारत नाही.

फ्लेक्स, भोंगा आणि गट

बाकी साधनांबद्दल थोडक्यात. चौकातला फ्लेक्स वाढदिवसांनी आणि अभिनंदनांनी भरलेला असतो; दशक्रियेची खबर त्यावरून मिळते, हा त्याचा खरा उपयोग. विनापरवाना फलकांविरुद्ध १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो मोडणाऱ्यांचेच चेहरे बहुधा फलकावर असतात. मंदिरावरचा भोंगा सप्ताहाच्या पंगतीपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळे सांगतो आणि वाचता न येणाऱ्यालाही ते कळते. गावच्या व्हॉट्सॲप गटाने पाटाच्या पाण्याचे आवर्तन, वीज येण्याची वेळ, रेशनचे वाटप यांची खबर मिनिटांत पोचवून कितीतरी हेलपाटे वाचवले. त्याच गटात सुप्रभात, राजकारण आणि भांडणे यांच्या ढिगाऱ्यात कामाची सूचना गाडलीही जाते. फोन घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असल्यामुळे ती तिथेच थांबते.

मग करायचे काय?

या आढाव्यातून निघणारा निवाडा असा : साधनांची कमतरता आता उरलेली नाही. उणीव दोन ठिकाणी आहे. खबरेमागे जबाबदार नाव नसते, आणि खबर मिळालेल्या माणसाला थांबण्याची सोय नसते. पहिली उणीव दूर करायला पैसा लागत नाही. बाजार समितीने रोजचा भाव स्वतःच्या शिक्क्याने, तारीख, आवक, प्रत आणि सर्वसाधारण दरासह गटांवर टाकावा. मुहूर्ताचा आणि एखाद्या गाडीचा उच्चांक त्यातून वगळावा. खळ्यावर वांधा झाला तर त्याची लेखी नोंद व्हावी आणि कोणत्या खरेदीदाराचे किती वांधे निघतात ते महिन्याला फळ्यावर लागावे. फेरफाराची सूचना वारसांत नाव असलेल्या प्रत्येकीच्या स्वतःच्या मोबाइलवर जावी. त्यासाठी वारसनोंदीच्या अर्जात बहिणींचे सासरचे पत्ते आणि क्रमांक सक्तीचे करावेत. ग्रामसभेची सूचना विषयपत्रिकेशिवाय ग्राह्य धरू नये.

दुसरी उणीव भरून काढायला पैसा आणि इच्छा दोन्ही लागतात. गोदाम, कांदाचाळ, शीतगृह, तारणकर्ज आणि वेळेवर मिळणारे पीककर्ज नसेल, तर शेतकऱ्याच्या फोनवर दहा बाजारांचे भाव येऊनही तो अकराव्या वेळी त्याच आडत्याच्या दारात उभा राहणार. माहितीच्या नव्या योजनेचे उद्घाटन सोपे असते, गोदामाचे बांधकाम वेळ खाते. म्हणून पहिले वारंवार होते आणि दुसरे रेंगाळते.

वाचकांपैकी ज्यांची नाळ अजून गावाशी आहे, त्यांनी एवढे तरी करावे. वर्षातून एकदा ‘आपली चावडी’वर आपल्या गावचे फेरफार पाहावेत आणि आपल्या बहिणीला ते कसे पाहायचे ते दाखवावे. गटात आलेला भाव पुढे पाठवण्याआधी त्यावर तारीख, बाजार आणि आवक आहे का ते बघावे. नसेल तर तो तिथेच थांबवावा.